आठ फूट कांदा

त्या निबंधात मी लाल पेनानं अकरा गोल केले होते. दीर्घ-ऱ्हस्व, दोन ठिकाणी अनुस्वार, एका ठिकाणी पूर्णविराम राहिलेला. खाली 'छान' लिहून सही. आठवीतल्या एका मुलानं 'आमची कांदाचाळ', म्हणजे कांदा साठवायची शेड, असा विषय स्वतः निवडला होता, त्याचंच मला कौतुक वाटलं. आमची शाळा जिल्हा परिषदेची, नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या पट्ट्यात. तरी वर्षानुवर्षं पोरं 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहितात आणि त्यात मोर नाचवतात. इथे मोर कुणी पाहिलाय?

वर्गाचा ब्लॉग मी त्याच जूनमध्ये सुरू केला होता. खातं माझं, मुलांची फक्त पहिली नावं, फोटो नाहीत. मुलं वहीत लिहायची, मी तपासायची, मग मधल्या सुट्टीत माझ्याच मोबाईलवर आळीपाळीनं टाईप करायची. बोलून टाईप करायला गेलं की 'चाळ'ची 'चाल' व्हायची. 'दुसऱ्या'तला ऱ्या कळफलकावर शोधण्यात एकदा अख्खी सुट्टी गेली. वाचणारे म्हणजे बहुतेक काही पालक आणि माझा भाऊ. टिप्पणी आली की आधी माझ्याकडे यायची आणि मी मान्य केल्यावरच दिसायची. तोवर सगळ्या 'खूप छान'च होत्या, त्यामुळे त्या मान्य करताना कधी विचार करावा लागला नव्हता.

जुलैत एका रात्री ही आली. नावाच्या जागी 'अनामित'.

"लेख चांगला आहे पन आठ फुट कांदा भरला तर खालचा दबुन सडल. चाळ आठ फुट आसते कांदा पाच. आनि पुर्वपश्चीम दुपाकी चाळ. एकपाकी दक्षीन उत्तर. पोराला मोजायला लावा."

सवयीनं मी चुका मोजायला लागले आणि चौथ्या-पाचव्या शब्दाला थांबले. मुलानं लिहिलं होतं, 'चाळीत आठ फूट उंच कांदा भरतात' आणि 'चाळ नेहमी पूर्व-पश्चिम बांधतात'. (दुपाखी म्हणजे कांद्याच्या दोन ओळींची चाळ, एकपाखी म्हणजे एका ओळीची.) माझ्या अकरा गोलांतला एकही या दोन वाक्यांतल्या माहितीवर नव्हता. 'आठ फुट'चं 'आठ फूट' मात्र मीच केलं होतं.

मान्य करावी की नको, यात रात्र गेली. मुलगा तसा अबोल. पहिल्यांदाच काही मनानं लिहिलेलं, त्यावर चारचौघांत असं काही आलं तर पुन्हा वही उघडेल का? शेवटी सकाळी वर्गात मीच ती वाचून दाखवली, आणि हे मलाही माहीत नव्हतं, हेही सांगितलं. सांगताना जरा जड गेलं.

तो तटकन उभा राहिला. "मॅडम, आमच्या चाळीत आठच हे. मी रोज बघतो."

"रोज बघतोस. मोजलंयस?"

बसला. दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिशातून सुतळी काढली. घरी टेप नव्हता म्हणे. एक गाठ कांद्याच्या उंचीला, दुसरी चाळीच्या. भाव नाही म्हणून वडिलांनी उन्हाळ कांदा अजून चाळीतून विकायला काढलेला नव्हता, त्यामुळे चाळ तशीच भरलेली. टेबलावर सुतळी ताणून आम्ही तीस सेंटिमीटरच्या पट्टीनं मोजायला बसलो. कांदा पाच पट्ट्यांना पाच सेंटिमीटर कमी, म्हणजे पावणेपाच फूट. चाळ आठाच्या जवळपास. एप्रिलमध्ये भरला तेव्हा पाच असेल, नंतर बसला, असं तो आपणहून म्हणाला. त्यांची चाळ दुपाखी, मधे माणसाला चालायला वाट, म्हणून पूर्व-पश्चिम. मामाची एकपाखी, ती कशी आहे ते रविवारी बघून येणार होता.

"मग आता खोडून पाच करू?" मी विचारलं.

वर्ग एकदम खोडा म्हणाला. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "खोडलं तर त्या बाबांचं लिहिलेलं येड्यासारखं दिसंल ना. लोक म्हणतील, पाचच तर लिहिलंय, हे काय भांडताय?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वहीत खोडरबर चालतो, कारण वाचणारी मी एकटी. मग 'आठ' तसाच ठेवून त्यावर आडवी रेघ मारली, पुढे 'पाच (मोजले)' असं लिहिलं. 'नेहमी' या शब्दावरही रेघ. कंसातलं 'मोजले' त्याचं स्वतःचं, मी सुचवलेलं नाही. टिप्पणी मान्य केली. तिचं शुद्धलेखन मी सुधारू शकत नव्हते, आणि खरं सांगायचं तर तेव्हा सुधारावंसंही वाटलं नाही.

चार दिवसांनी 'अनामित' पुन्हा.

"बरोबर. आता जमीनीपासुन चाळीच्या तळापर्यंत हवेला किती जागा ठेवली तेपन मोजा."

सुतळी वर्गातल्या खिळ्याला टांगलेली होती. शाळा सुटताना बघितलं, तर खिळा रिकामा.