सगळं लिहिलेलंच असतं, मग तुम्ही काय करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. पोलिश संगीतकार शोपँची पियानोसाठीची जी मायनर बॅलड मी वाजवली, तिचं रेकॉर्डिंग ओळखीच्यांना पाठवल्यापासून हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. नाशिकमध्ये तो येणारच. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात याच गावात येऊन राहिले. बंदिश दोन-चार ओळींची आणि पुढचं सगळं गवयाचं, हे इथल्या कानांत मुरलेलं आहे. आणि माझ्यासमोर छापील वही. त्यात प्रत्येक स्वर, त्याची लांबी, कुठे हळू, कुठे जोरात, सगळं आधीच ठरलेलं. ‘‘मग तुमचं काम टायपिंगचंच की!’’ असं बाबांचे एक मित्र म्हणाले. काकांनी उभा जन्म ख्याल ऐकलाय, त्यामुळे चेष्टा असली तरी ती नुसती चेष्टा नव्हती.

तर आधी रचनेबद्दल. ही बॅलड 1836 मध्ये छापली गेली, तेव्हा शोपँ पॅरिसमध्ये होता. एकूण 264 बार (म्हणजे तालाचे छोटे समान भाग), वाजायला नऊ-दहा मिनिटं. त्याच वर्षी लाइपझिगला भेट झाली तेव्हा जर्मन संगीतकार शूमानने शोपँला सांगितलं, की तुझ्या सगळ्या रचनांत मला हीच सर्वांत आवडते. शोपँ बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, मलाही हीच सर्वांत प्रिय आहे. शूमाननेच एका पत्रात हे लिहून ठेवलंय.

आता ‘लिहिलेलं’ म्हणजे किती लिहिलेलं, ते बघा. सुरुवातीला दोन्ही हात मिळून एकच ओळ वाजवतात, खालच्या सी पासून वर चढत जाणारी. सातव्या बारमध्ये ती एका कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या काही स्वरांवर, येऊन थांबते. त्या कॉर्डमध्ये ई फ्लॅट आहे. जी ला षड्ज धरलात तर कोमल धैवत. आता पंचमावर येऊन विसावा मिळेल असं कानाला वाटत असतं आणि तिथेच हा धैवत खुपतो. काही छापील आवृत्त्यांत संपादकांनी तिथे डी घातला, म्हणजे सरळ पंचम. शोपँच्या हस्तलिखितात मात्र ई फ्लॅटच आहे. डी लावून मी वाजवून पाहिलंय. सगळं गोड होतं आणि गोष्ट तिथेच संपते. पुढची नऊ मिनिटं मग कशासाठी वाजवायची?

पण ई फ्लॅट ठरला म्हणून काम संपत नाही. तो किती वेळ धरायचा? खुपलेलं ऐकणाऱ्याच्या लक्षात यावं इतका, पण ‘बघा, कसं खुपवलं’ असं वाटेल इतका नाही. ते कागदावर नसतं. पुढची मुख्य चाल येते तिच्यावर ‘मोदेरातो’ लिहिलंय, मध्यम गती. मध्यम म्हणजे कुणाची मध्यम? उजवा हात एक छोटं वाक्य म्हणतो, मग दोन हलके कॉर्ड, पुन्हा वाक्य. वाक्याच्या शेवटच्या स्वरावर थोडं रेंगाळावंसं वाटतं, आणि रेंगाळलंच पाहिजे. पण डाव्या हाताने रेंगाळायचं नाही. शोपँ शिष्यांना सांगायचा की डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, त्याने लय सोडायची नाही. काकांना मी हे त्यांच्या भाषेत सांगितलं : डावा हात तबलजी, ठेका धरून बसलेला, उजवा गवई, समेच्या आगेमागे फिरून पुन्हा समेवर येणारा. फक्त दोघेही एकाच माणसाच्या खांद्यांना जोडलेले. काकांचा चेहरा इथे पहिल्यांदा जरा सैल झाला.

मला स्वतःला सर्वांत जास्त वेळ लागला तो दुसऱ्या चालीला. ती ई फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे ई फ्लॅटला षड्ज धरून शुद्ध स्वरांत, येते, अगदी हळू, दबक्या आवाजात. बघणाऱ्याला ही सोपी जागा वाटते, कारण हात फारसे हलत नाहीत. पण उजवा हात दोन-तीन स्वर एकदम दाबत असताना त्यातला वरचाच स्वर गायला पाहिजे. म्हणजे हाताचं वजन करंगळीकडे कललेलं, करंगळी जवळजवळ सरळ आणि अंगठा पट्टीवर नुसता टेकलेला. निसर्गाने ताकद दिली अंगठ्याला, गाणं आलंय करंगळीच्या वाट्याला. हीच चाल पुढे ए मेजरमध्ये पूर्ण जोरात येते आणि नंतर पुन्हा ई फ्लॅटमध्ये, तेव्हाही मोठ्याने. चाल तीच, पण तिन्ही वेळा माणूस तोच राहिलेला नसतो, असं मला वाटतं. पहिल्यांदाच भावना ओसंडू दिली तर पुढे द्यायला काही उरत नाही.

शेवटच्या ‘प्रेस्तो कॉन फुओको’ची, म्हणजे अतिजलद आणि आगीसारख्या वाजवायच्या भागाची, सगळ्यांना भीती असते. मलाही होती. पण तिथे निर्णय कमी आणि मेहनत जास्त. डावा हात खालचा स्वर मारून कॉर्डकडे उडी घेतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. ते मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून, रोज एक घर वाढवत बसतं. जिवंत राहिलो तर टाळ्या मिळतात. खरी परीक्षा आधीच झालेली असते.

मग रेकॉर्डिंग. फोनवर केलं होतं आधी, ते ऐकून हसू आलं. फोन स्वतःच हळू आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून ती सोय, पण इथे तिने दबकी चाल आणि ए मेजरचा गजर एकाच मापाचे करून ठेवले. म्हणून वेगळा रेकॉर्डर आणला, त्यातली आपोआप आवाज जुळवण्याची सोय बंद केली आणि तो पियानोपासून चांगला लांब ठेवला. पावसाळ्यात पियानोचा साउंडबोर्ड ओलावा शोषून फुगतो आणि स्वर चढतात, थंडीत उतरतात. दिवाळीनंतर हवा स्थिरावली तेव्हा मुंबईहून ट्यूनर बोलावला. कॉलेज रोडला राहून शांतता मिळवायची तर सकाळची घंटागाडी जाऊ द्यायची, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्यायच्या आणि खालच्या काकूंची वामकुक्षी सुरू व्हायच्या आत उरकायचं.

आणखी एक विचारतात : तुकडे जोडलेत का? नाही. जोडण्यात पाप नाही, बडे बडे जोडतात. पण सुरुवातीचा ई फ्लॅट मी ज्या दिवशी जितका धरला, त्यावर त्या दिवसाची मोदेरातो ठरते, आणि तिच्यावर शेवटची धाव. मंगळवारचा शेवट रविवारच्या सुरुवातीला चिकटवला तर स्वर बरोबर येतील, पण हिशेब चुकतो. मी ‘करते’ ते हिशेब जुळवण्याचंच काम.

तरीही पटत नसेल तर माझं बाजूला ठेवा. पियानोवादक होरोविट्झने बारा वर्षं मैफली बंद ठेवल्यानंतर 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलला ही बॅलड वाजवली. 1968 मध्ये टेलिव्हिजनसाठी पुन्हा वाजवली. वही तीच, बोटं तीच. दोन्ही लागोपाठ ऐका, हेडफोन लावून, कारण फोनच्या स्पीकरला खालचा सी झेपत नाही. काकांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी 1965 च्या मैफलीबद्दल अर्धा तास सांगितलं. माझ्याबद्दल म्हणाले, ‘‘ठेका बरा आहे.’’