एजंट नेमका कोणाचा?

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आई-बाबांचा कोथरूडचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा पावसाळा तोंडावर होता. आता पाऊस परतला तरी व्यवहार होता तिथेच आहे. एजंटसाहेबांना मात्र दर महिन्याचे कारण पंचांगातून आयते मिळते. आषाढ लागला तेव्हा चातुर्मासात कोणी घर बदलत नाही असे ते म्हणाले. मग गणपती होऊ द्यायचे होते, त्यानंतर पितृपक्ष आला, आणि दसऱ्याला मी आपणहून फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "आता दिवाळी होऊन जाऊ द्या मॅडम, मार्केट उघडेल." यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पितृपक्षात टोकन द्यायला लोक खरोखरच कचरतात. परंतु याच दिवसांत आमच्या मागच्या गल्लीतला, आमच्याइतकाच जुना आणि तोही बिनलिफ्टचा फ्लॅट विकला गेला, हे मला शेजारच्या काकूंकडून कळले. त्या घरमालकांचे पंचांग वेगळे नसावे.

आज दुपारी संकेतस्थळावरची आमची जाहिरात पहिल्यांदाच नीट उघडून पाहिली. पाच छायाचित्रांपैकी एक न्हाणीघराचे, आणि त्यात निळी बादली व उलटा ठेवलेला मग अगदी मधोमध. हॉलचा फोटो तिन्हीसांजेला ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला असल्यामुळे सकाळी उन्हाने भरून जाणारी ती खोली एखाद्या सरकारी कचेरीच्या प्रतीक्षाकक्षासारखी दिसते. स्वयंपाकघराचे म्हणून जे छायाचित्र आहे ते आमचे नाहीच, कारण आमच्या ओट्याला काळा कडप्पा आहे आणि फोटोत लाल ग्रॅनाइट. क्षेत्रफळ नऊशे चौरस फूट लिहिले आहे. १९८६ च्या करारनाम्यात बांधीव क्षेत्र सातशे आहे आणि चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतले कार्पेट, सहाशेच्याही आत भरते. रेरा हा घरखरेदीचा कायदा आल्यापासून पहिला प्रश्न कार्पेटचाच येतो, हे त्या गृहस्थांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. नऊशेच्या आशेने तीन जिने चढून आलेला माणूस दारातच हिरमुसतो आणि मग मी काहीतरी लपवत होते अशा नजरेने माझ्याकडे पाहतो.

या सगळ्यावर त्यांचे म्हणणे असे की जाहिरात केवळ फोन यावा म्हणून असते, फ्लॅट शेवटी प्रत्यक्ष बघूनच विकला जातो. मी फोटो नव्याने काढून पाठवले आहेत.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज जे ऐकले ते सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढे शब्दाला शब्द लागेल.

सकाळी साडेदहाला ते एका पार्टीला घेऊन येणार होते. ('पार्टी' म्हणजे खरेदीदार. त्यांच्या तोंडी दुसरा शब्द नाही, आणि आता माझ्याही तोंडी तोच बसला आहे.) नेहमी ते आयत्या वेळी किल्ली मागायला काकूंकडे जातात, म्हणून मी आधीच येऊन आतल्या खोलीत बाबांच्या कपाटातले कागद लावत बसले होते. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हते. पार्टी म्हणजे पन्नाशीचे एक गृहस्थ. त्यांनी ना गॅलरी पाहिली, ना नळ सोडून पाहिला. त्यांचे प्रश्न एवढेच की सोसायटीत सभासद किती, प्लॉट केवढा, आणि रिडेव्हलपमेंटचा ठराव झाला आहे का. एजंटसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "ठराव अजून नाही, पण बोलणी चालू आहेत. आणि इथे घाई आहे. भाऊ अमेरिकेत, ह्यांना एकटीला झेपत नाही. सव्वा सांगतायत, पण एक-बारापर्यंत उतरतील. मी उतरवतो."

एक कोटी बारा लाख हा आकडा मी त्यांना कधीही सांगितलेला नाही. दादा आणि मी मिळून सव्वा कोटी ठरवले आहेत आणि तडजोडीची जी शेवटची मर्यादा आहे ती आम्हा दोघांपलीकडे कोणालाच माहीत नाही. म्हणजे आमची खालची किंमत आमच्याच माणसाने परस्पर ठरवली, ती समोरच्याला देऊनही टाकली, आणि वर आमच्या अडचणीची खूणही करून ठेवली. मी बाहेर आले, नमस्कार केला, पाणी विचारले. ते क्षणभर गोंधळले आणि लगेच सावरून "मॅडम स्वतःच आहेत, बरं झालं" असे म्हणाले. मी पार्टीसमोर काहीही बोलले नाही. गेल्यावर फोन करून विचारले तेव्हा हसून म्हणाले की हे बोलायचे तंत्र असते, गिऱ्हाइकाला आत ओढावे लागते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

बँकेतली नोकरी संपली तरी आकडेमोडीची खोड गेलेली नाही. एक टक्का माझ्याकडून आणि एक टक्का खरेदीदाराकडून, अशी त्यांची दलाली आहे. सव्वा कोटीला विकले तर त्यांना अडीच लाख मिळतील आणि एक कोटी बाराला विकले तर दोन लाख चोवीस हजार. जे तेरा लाख दादाचे आणि माझे जातील त्यातले त्यांचे सव्वीस हजार. त्या सव्वीस हजारांसाठी आणखी तीन-चार महिने किल्ल्या घेऊन जिने चढण्यापेक्षा आजच्या आज 'क्लोज' करणे त्यांना परवडते, आणि हा हिशेब मी त्यांच्या जागी असते तरी असाच लागला असता. त्यात रिडेव्हलपमेंटकडे डोळा ठेवून जुने फ्लॅट गोळा करणारा गुंतवणूकदार हे त्यांचे वर्षावर्षाचे गिऱ्हाईक असते, तर मी आयुष्यात एकदाच भेटणार. तेव्हा ते आळशी आहेत ही माझी इतके दिवसांची तक्रार मला आता अपुरी वाटते. ते काम करतात, पण ते काम व्यवहार उरकण्याचे आहे, आमच्या किमतीचे नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

अपेक्षेप्रमाणे एक कोटी बाराचाच प्रस्ताव आला. साठेखत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, आकड्यावर करायचे आणि उरलेले 'वरून', म्हणजे रोख. मी नको म्हटल्यावर "मॅडम, सगळीकडे असंच चालतं" हे वाक्य दोनदा ऐकून घेतले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही, आणि स्वीकारली तर तितकाच दंड होऊ शकतो, ही तरतूद आयकर कायद्यात २०१५ पासून आहे. ती बाजूला ठेवली तरी रोख नोटा दादाने न्यू जर्सीला कशा न्यायच्या, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

याच बोलण्यात दुसरी गोष्ट निघाली आणि ती मला अधिक गंभीर वाटली. "टीडीएसचं टेन्शन घेऊ नका, पार्टी एक टक्का कापेल, मी सगळ्यांना तसंच सांगतो." टीडीएस म्हणजे खरेदीदाराने पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर. पन्नास लाख किंवा त्यावरच्या घराला एक टक्का कापायचा हा नियम विकणारा निवासी भारतीय असेल तेव्हाचा. फ्लॅटवर दादाचे निम्मे नाव आहे आणि तो अनिवासी आहे. त्याच्या वाट्यावर खरेदीदाराला साडेबारा टक्के आणि वर अधिभार व उपकर या दराने कर कापावा लागतो, त्यासाठी टॅन हा कर कापणाऱ्याचा क्रमांक काढावा लागतो. दादाने आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी मिळवले नाही तर ही कपात नफ्यावर न होता विक्रीच्या संपूर्ण रकमेवर होते. खरेदीदाराने चुकून एकच टक्का कापला तर उरलेल्याची नोटीस त्या बिचाऱ्याच्या घरी जाईल. मी पहिल्याच भेटीत भाऊ परदेशात असतो असे सांगितले होते आणि ती माहिती या गृहस्थांनी भाव पाडण्यासाठी तेवढी व्यवस्थित लक्षात ठेवली.

संध्याकाळी एका मुलीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा ऑगस्टमध्ये फ्लॅट पाहून गेले होते. मला ते दोघे चांगले आठवतात, कारण तिने गॅलरीतून वनाझचे मेट्रो स्थानक किती लांब आहे ते विचारले होते आणि त्याने दाराच्या चौकटीला हात लावून हे सागवान आहे ना असे म्हटले होते. त्यांचे कर्ज तत्त्वतः मंजूर होते. त्यांनी इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि मूळ करारनाम्याची प्रत बँकेसाठी मागितली होती, आणि एजंटने "मालकांकडे कागद तयार नाहीत" असे सांगून त्यांना तीन आठवडे थांबवून ठेवले. हे सारे कागद मी जूनमध्येच हिरव्या फाइलमध्ये अनुक्रमणिकेसह लावून त्यांच्या हाती दिले होते. त्या दोघांनी शेवटी कर्वेनगरला घर घेतले. फोन तिने तिच्या मावशीसाठी केला होता, फ्लॅट अजून आहे का ते विचारायला.

खरे सांगायचे तर एक कोटी बाराच्या प्रस्तावापेक्षाही मला याचाच राग अधिक आला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

एजंटला काम बंद करण्याचे पत्र आज स्पीड पोस्टाने पाठवले आणि त्याची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरही दिली. वकीलबाईंनी मसुदा पाहून दिला. सुरुवातीला एजंटसाहेबांनी मला लेटरहेडवर एक कागद सहीसाठी दिला होता. त्यात सहा महिने दुसऱ्या कोणाकडे जायचे नाही आणि घर कोणत्याही मार्गाने विकले गेले तरी दोन टक्के द्यायचे, असे लिहिले होते. तो कागद मी तेव्हाच सही न करता परत केला होता, त्यामुळे आज बांधिलकी काहीच नाही. तोंडी ठरले ते इतकेच की त्यांच्यामार्फत आलेल्या माणसाने घर घेतले तर एक टक्का. ते मी पाळणार आहे. म्हणून पत्रात आजवर दाखवलेल्या लोकांची नावे आणि तारखा लेखी मागितल्या आहेत, आणि दाराजवळच्या टेबलावर मी ठेवलेल्या शंभर पानी वहीतल्या नोंदींची छायाप्रत सोबत जोडली आहे. त्या वहीत येणाऱ्याचे नाव, तारीख आणि 'कोणामार्फत' असे तीन रकाने आहेत. एजंटसाहेबांना ती वही पहिल्यापासून आवडत नसे.

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रार करावी का, हेही वकीलबाईंना विचारले. त्या गृहस्थांची नोंदणी आहे, मी क्रमांक तपासला होता. मात्र कायद्याने एजंटवर जी बंधने घातली आहेत ती प्रामुख्याने रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीपुरती, आणि चाळीस वर्षांच्या सोसायटीतला पुनर्विक्रीचा फ्लॅट त्यात बसत नाही. महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली तेव्हा मला वाटले होते की आता हा धंदा थोडा शिस्तीत येईल. नव्या इमारतींच्या बाबतीत आला असेलही. जुन्या घराच्या मालकाला अजून आपल्या वहीवर आणि आपल्या वकिलावरच विसंबावे लागते. ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, पण मी त्यांना अद्याप एक पैसाही दिलेला नसल्यामुळे तिथे माझी बाजू लंगडी पडेल असे बाई म्हणाल्या, आणि मला ते पटले.

व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र मिळाल्यावर तासाभरात एजंटसाहेबांचा फोन आला. चढा आवाज, मग पडता आवाज, मग "आपले घरचे संबंध आहेत" वगैरे. मी सगळे ऐकून घेतले आणि हिरवी फाइल शनिवारपर्यंत काकूंकडे पोचवा एवढेच सांगितले.

पुढची विभागणी दादाशी बोलून ठरवली आहे. कमी कपातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज दादाचे सीए करतील. मुखत्यारपत्र तो न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवील, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घेण्याचे काम माझे. साठेखत आणि खरेदीखत वकीलबाईच लिहितील, एजंटच्या ओळखीचा कोणी नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना हस्तांतरणाची पूर्वसूचना द्यायची आहे. घर दाखवायला मी स्वतः थांबेन. नव्या एजंटकडे काम एकच, माणसे आणणे.

डहाणूकर कॉलनीतल्या ज्या बाईंशी काल बोलले त्यांना या अटी लेखी दिल्या. बाकी सर्व त्यांना मान्य आहे. किमतीबद्दल गिऱ्हाइकाशी माझ्या गैरहजेरीत बोलायचे नाही, या अटीपाशी त्या अडल्या आणि म्हणाल्या, "मग आम्ही करायचं काय?" उद्या परत फोन करणार आहेत. दरम्यान त्या मुलीच्या मावशी रविवारी सकाळी नऊला येत आहेत, आणि वहीतल्या तिसऱ्या रकान्यात त्यांच्यापुढे काय लिहायचे ते वकीलबाईंना विचारून घेतले पाहिजे.