अळू खाजतो तो का?

श्रावण लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी जिन्यात, कधी थेट फोनवर, जेवण अर्धवट टाकून: "मॅडम, तुम्ही बॉटनीच्या ना? मग हा अळू खाजतो तो का, सांगा बघू." तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, पण सोसायटीला माझ्या विषयाची आठवण होते ती एवढ्यापुरतीच. तर, तुम्ही विचारलंत म्हणून.

अळूच्या पानादेठांत सुया असतात. अगदी खऱ्याखुऱ्या. कॅल्शियम ऑक्झलेटचे, दोन्ही टोकांना निमुळते स्फटिक. आम्ही त्यांना रॅफाइड म्हणतो. एकेक सुई मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि एकेका पेशीत त्यांची गच्च जुडी. म्हणजे बाजारातून आपण आणतो ती जुड्यांची जुडी! प्रॅक्टिकलला देठाचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवला की काही पेशी पाणी पिऊन फुगायच्या आणि टोकातून सुया सटासट बाहेर फेकायच्या. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मायक्रोस्कोपसाठी रांग लावत, ते याच दिवशी.

या सुया झाड मुद्दाम घडवतं. मुळांवाटे आलेलं जादा कॅल्शियम आणि पेशीतच तयार होणारं ऑक्झॅलिक आम्ल रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रिकाम्या दिसणाऱ्या पिशवीत, एकत्र येतात, आणि तिथल्या पातळ पडद्यांच्या कप्प्यांत स्फटिकाला आकार मिळतो. पालकातही हाच क्षार भरपूर असतो, पण तिथे काटेरी गोळ्यांच्या रूपात. म्हणून पालक अळूसारखा खाजत नाही.

पण नुसत्या सुईनेही फारसं बिघडत नाही. किवी फळातही अशाच सुया असतात. जपानमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेशीमकिड्यांच्या अळ्यांना पानावर किवीतल्या सुया लावून दिल्या, तर विशेष काही झालं नाही. प्रथिनं तोडणारं एन्झाइम नुसतंच दिलं, तरी तसंच. दोन्ही एकत्र दिल्यावर अळ्या मेल्या. सुई भोक पाडते, एन्झाइम आत शिरतं. अळूच्या सुयांवरही असं एक एन्झाइम सापडलं आहे.

आता स्वयंपाकघरात या. उकळल्याने सुया विरघळत नाहीत, एन्झाइम मोडतं. म्हणून घाईत उतरवलेलं फदफदं घसा धरतं. (पाहुण्यांसमोर हा प्रयोग मी एकदा करून चुकले आहे.) चिंच सुया विरघळवते, हे मात्र मला पटत नाही. कॅल्शियम ऑक्झलेट ओळखायची आमची जुनी परीक्षाच अशी: अॅसिटिक आम्लात ते तसंच राहतं, हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळतं. चिंचेच्या कोळाची काय कथा! चिंच घाला जरूर, पण चवीसाठी. तिच्या भरवशावर गॅस लवकर बंद करू नका.

एक घरची गोष्ट सांगते. ह्यांना मुतखडा झाला. पडलेला खडा तपासायला दिला, तर रिपोर्टवर कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट! खनिजशास्त्रात याला व्हेवेलाइट म्हणतात, 'सायंटिस्ट' हा इंग्रजी शब्द घडवणाऱ्या विल्यम व्हेवेल यांच्या नावावरून. मी आनंदाने ओरडले, "अहो, हे तर आपल्या अळूतलंच!" कमरेला हात लावून बसलेल्या माणसाने त्यावर माझ्याकडे कसं पाहिलं असेल, ते तुम्हीच ताडा.

तेव्हापासून आमच्याकडे अळू क्वचितच होतो. पानं भरपूर उकळून ते पाणी टाकून देते, म्हणजे विरघळणारं ऑक्झलेट त्याबरोबर जातं. भाजी करते ताकातली. ताकातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. वड्या मात्र मी शेजारी जाऊन खाते.