कुंडी बदलली!
आज स्पायडर प्लांटची कुंडी बदलली. गेले काही दिवस पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून बाहेर यायचं आणि पानं तरीही मलूलच. कुंडी आडवी करून हलकेच थोपटली, तर अख्खा गोळा हातात आला. माती जेमतेम, बाकी सगळी पांढरी, जाड, मांसल मुळं, कुंडीच्या कडेने गोल गोल फिरलेली. हे झाड याच मुळांत पाणी साठवतं, म्हणून इतकं चिवट. बाहेरची मुळं बोटांनी सैल करत बसले, घाई करावीशी वाटेना. खरंच फार देखणी असतात ती!

नवी कुंडी मुद्दाम इंच-दीड इंचच मोठी घेतली. मोठ्या कुंडीचा मोह सगळ्यांनाच होतो, पण मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि मग मुळं कुजतात.

आता काही दिवस झाड मान टाकेल. पाणी शोषणारे बारीक मूलरोम कुंडी बदलताना तुटतात, नवे फुटेपर्यंत असं चालायचंच. अशा वेळी घाबरून खत घालू नका, प्लीज. थेट ऊन नको, उजेड हवा, आणि वरची माती सुकली की मगच पाणी.