सहावा गिअर नकोच

शनिवार, रात्री उशिरा

माझ्या मियाटाचा, म्हणजे माझदाच्या छोट्या स्पोर्ट्स कारचा, गिअरबॉक्स आज उतरला एकदाचा. हात तीनदा धुतले तरी गिअर ऑइलचा तो गंधकासारखा वास जात नाही. गाडी १९९२ ची. थंडीत दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज यायचा, सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळवणारी कडी) संपलेली. बॉक्स खोलून बसण्यापेक्षा नंतरच्या मॉडेलचा चढवलेला परवडतो, आणि इथे मिशिगनमध्ये भंगार यार्डात तो सापडतोही.

प्रश्न होता पाचचा की सहाचा. इथे १९९९ पासून मिळू लागलेला, आयसिन कंपनीचा सहा गिअरचा बॉक्स ज्याला त्याला हवा असतो. हायवेला इंजिन शांत राहील, ही आशा. कागदावर मांडलं तर उलटंच निघतं. माझ्या पाचव्याचा रेशो ०.८१४, त्या बॉक्सच्या सहाव्याचा ०.८४३. मागे डिफरेन्शियल, म्हणजे चाकांना फिरवणारा शेवटचा गिअर, माझं जुनंच, ४.३ चं. गुणाकार केला की चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या फेऱ्या पाचव्यात ३.५० आणि सहाव्यात ३.६२. म्हणजे सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन सव्वाशे-एकशेतीस आरपीएम जास्तच फिरणार! त्या बॉक्ससोबत कंपनीने ३.९०९ चं डिफरेन्शियल दिलं ते उगाच नाही. तेही बदलायचं म्हणजे खर्च दुप्पट.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अरे, आपल्या पद्मिनीला चारच होते, तेही स्टिअरिंगला. कुठे अडलं?"

तर २००० च्या गाडीचा पाच गिअरचाच आणला. त्या गाडीचं इंजिन १.८ लिटरचं, माझं १.६ चं, तरी बोल्ट जुळतात. क्लच प्लेट तिची २१५ मिलिमीटरची, माझी २००. पण दांते तेच, त्यामुळे माझीच चालते. फरक स्पीडोमीटरचा. तिच्यात सेन्सर, माझ्या गाडीत केबल. जुन्या बॉक्सचा छोटा गिअर काढून नव्याच्या त्याच भोकात बसवला.

खरी शिक्षा म्हणजे वरचे बोल्ट. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आधी काढायची, मग बॉक्सची शेपटी खाली झुकते, आणि त्या फटीतून पान्याचं लांबलचक एक्स्टेन्शन घालून, डोळ्यांना काही न दिसता, नुसत्या बोटांनी बोल्ट शोधायचा. आत सॉकेट बसल्याचा 'टक्' आवाज आला की निम्मं काम झालं.

नव्या बॉक्सच्या गिअर लिव्हरखालचं रबर फाटलेलं निघालं. तिथलं ऑइल वेगळं असतं, हे फार जणांना ठाऊकच नसतं. रबर मंगळवारी येईल. तोवर गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) आणि मी बायकोच्या गाडीने ऑफिसला.