पुंगळीतली रिकामी जागा

रिव्हॉल्वरची काडतुसं घरी भरायला शिकणारे बरेच जण .३८ स्पेशलपासून सुरुवात करतात. धक्का कमी, पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) सरळ आणि पुन्हापुन्हा वापरता येणारी. तरी एका बाबतीत हे काडतूस लबाड आहे.

१९व्या शतकाच्या अखेरीस ते काळ्या दारूसाठी बेतलं गेलं. २१ ग्रेनच्या (सुमारे १.४ ग्रॅम) आसपास दारूने पुंगळी भरून जायची. आजची धूरविरहित दारू तळाशी चिमूटभर दिसते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी ती बाहेर सांडत नाही. म्हणून सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करायच्या, दारू घालायची आणि एकही गोळी बसवण्याआधी दिव्याखाली प्रत्येकीत डोकवायचं. पातळी वेगळी वाटली की ओतून पुन्हा वजन करायचं. माप फक्त छापील तक्त्यातून घ्यावं. मित्राच्या वहीतून तर नकोच.

दारू अजिबात पडली नाही तर निव्वळ प्राइमरच्या (पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीत शिरते आणि अडकते. आवाज फुसका येतो. तिथेच थांबायचं. मागून दुसरी गोळी सुटली तर नळी फुगते, क्वचित फुटतेही. गोळी अर्धी सिलिंडरमध्ये (काडतुसांच्या फिरत्या चाकात), अर्धी नळीत अडकली, तर सिलिंडर उघडतही नाही.

प्राइमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत हवा. वर राहिला तर मागच्या पोलादाला घासतो आणि सिलिंडर अडखळतो. बोट फिरवलं की लगेच कळतं.

क्रिम्प, म्हणजे गोळी धरून ठेवायला पुंगळीच्या तोंडाला आत दिलेली दुमड, सैल असेल तर हलक्या रिव्हॉल्वरमध्ये प्रत्येक बार उडाल्याच्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडरबाहेर डोकावून तो जाम करतात. तपासणी सोपी: सहावं काडतूस आधी कॅलिपरने मोजायचं, पाच बार काढायचे, मग ते न झाडता बाहेर काढून पुन्हा मोजायचं. लांबी वाढली असेल तर क्रिम्प कमी पडतोय, किंवा पुंगळीचीच पकड सैल आहे.

जास्त जोराच्या .३५७ मॅग्नम काडतुसाच्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ चालते, उलट नाही; मॅग्नमची पुंगळी सुमारे ३.४ मिलिमीटर लांब केली ती त्यासाठीच. पण .३८ खूप झाडल्यावर चेंबरमध्ये (सिलिंडरच्या काडतूस बसायच्या भोकात) काजळी-शिशाचं कडं साचतं आणि लांब पुंगळी आत जाईना होते. ती दाबून बसवू नये, आधी ब्रश मारावा.

रिकाम्या पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आकाशाकडे ठेवून दांडा एकदाच जोरात दाबावा. नाहीतर न जळलेल्या दारूचे कण एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली जातात, सिलिंडर बंद होत नाही आणि बोल मात्र बंदूक दुरुस्त करणाऱ्याला लागतो.