पुसून टाकलेले ४२ सेकंद

मागच्या आठवड्यात एका वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडून माझाच एक शॉट पुसून घेतला. तेव्हापासून मनातल्या मनात जे भांडण चालू आहे, ते एकदा लिहून मोकळे व्हावे म्हणून हा लेख.

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये चित्रपटाचे शिक्षण घ्यायला आल्यापासूनचे हे माझे पहिलेच सत्र. या महिन्याचा स्वाध्याय होता तीन मिनिटांचा लघुपट: एकच जागा, संवाद नाहीत आणि पार्श्वसंगीतही नाही. अशा कामाची माझी पद्धत ठरलेली आहे. पहिले तीन दिवस मी कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढत नाही. नुसती बसून वहीत नोंदी करते, कारण कॅमेरा हातात आला की डोळे चौकट शोधू लागतात आणि चौकटीबाहेरचे दिसेनासे होते. जागा म्हणून मी ट्रामचा एक थांबा निवडला होता. तिथे सकाळी दहाच्या सुमारास एक आजोबा येत, वर्तमानपत्राची चौपदरी घडी ओल्या बाकावर ठेवून तिच्यावर बसत आणि मग खिशातून रुमाल काढून शेजारची रिकामी जागा कडेकोपऱ्यापर्यंत पुसून काढत. तिथे कोणीही बसायला येत नसे. ट्राम आली की रुमाल पुन्हा घडी होऊन खिशात जाई.

तीन दिवस हे वहीत टिपले आणि चौथ्या दिवशी रस्त्यापलीकडून, लांब पल्ल्याच्या लेन्सने कॅमेऱ्यात. ४२ सेकंदांचा शॉट. रुमाल फिरत असतानाच समोरून जाणाऱ्या ट्रामचा पिवळा उजेड ओल्या फरशीवरून सरकत गेला. असले काही दिग्दर्शकाने ठरवून मिळत नाही. तेवढ्यात आजोबांनी मान वर केली.

ते रस्ता ओलांडून आले. आवाज चढवला नाही. आपल्या 'आपण'च्या तोडीच्या आदरार्थी सर्वनामाने त्यांनी विचारले, की आपण माझे चित्रण केलेत का? मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग कृपया ते पुसून टाका." मी विद्यार्थिनी आहे, हे वर्गापुरतेच आहे, असे माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा तेच वाक्य उच्चारले. मी शॉट पुसला. फाइल गेल्याची त्यांनी पडद्यावर वाकून खात्री केली, आभार मानले, हातात हातही दिला. या सगळ्यात त्यांची ट्राम निघून गेली होती, त्यामुळे पुढची येईपर्यंत आम्ही दोघे रस्त्याच्या दोन बाजूंना एकमेकांकडे न पाहण्याची खटपट करत उभे होतो.

आपल्याकडे अडचण असते ती उलटीच. रस्त्यात तिपाई लावली की लोक स्वतःहून चौकटीत शिरतात, हात हलवतात, कुठल्या चॅनेलवर दिसणार ते विचारतात. नको म्हणणारे माणूस मला कधी भेटलेच नव्हते. म्हणून खोलीवर येऊन मी रागारागाने इथला कायदा वाचायला घेतला, आणि वाचता वाचता माझा राग कुतूहलात कधी बदलला ते कळलेही नाही.

१८९८ च्या जुलैमध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला, तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्याच्या शवाच्या खोलीत शिरले आणि पार्थिवाचे छायाचित्र काढून विकायला निघाले. कुटुंबीय न्यायालयात गेले. पण माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा स्वतःचा हक्क असतो असे स्पष्ट सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता, म्हणून न्यायाधीशांना दुसऱ्याच्या घरात बेकायदा शिरण्याचा मुद्दा पकडून निकाल द्यावा लागला. या प्रकरणानंतर ती उणीव डोळ्यांत खुपू लागली आणि १९०७ साली कायदा झाला, जो आजही लागू आहे. त्याचे बाविसावे कलम सांगते, की एखाद्याचे चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसृत करता येणार नाही किंवा जाहीरपणे दाखवता येणार नाही. माणूस गेल्यावरही दहा वर्षे त्याच्या जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. चित्रणासाठी त्याने मानधन घेतले असेल आणि शंका उरली, तर संमती होती असे धरतात. हे सगळे दूरचित्रवाणीच्याही आधी लिहून ठेवलेले! पुढच्या कलमात अपवाद आहेत: सभा-मिरवणुकीतली माणसे, किंवा एखाद्या दृश्यात केवळ ओघाने आलेली व्यक्ती. आजोबांना मी या दुसऱ्या अपवादात बसवून पाहण्याचा कसून प्रयत्न केला. ज्याच्यासाठी लेन्स बदलली तो माणूस ओघाने आला, असे म्हणण्याचा निर्ढावलेपणा मात्र जमला नाही.

वर्गात मी वाद घातला. या शहराचे जगाने पाहिलेले सर्वांत मोठे दृश्य ९ ऑक्टोबर १९८९ चे आहे. त्या संध्याकाळी सुमारे ७०,००० लोक तेव्हाच्या पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि दोन तरुणांनी एका चर्चच्या मनोऱ्यावर, कबुतरांच्या विष्ठेत पडून, ते चोरून चित्रित केले. ती टेप लपवून सीमेपार गेली आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर दिसली. त्या ७०,००० जणांकडून कोणी संमतीपत्रे भरून घेतली होती का, असे मी विचारले, आणि हा डाव आपण जिंकला असे मला वाटले. संकलन शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वरून ती माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. आणि मनोऱ्यावर चढण्याआधी त्या दोघांनी चर्चच्या पाद्रींना विचारले होते." मग जरा थांबून म्हणाल्या, "इथे चोरून चित्रण करणारे तेवढे दोघेच नव्हते." त्यांचा रोख कळायला मला 'रुंडे एके' या इमारतीत जावे लागले. तिथे गुप्त पोलिसांचे, म्हणजे स्टासीचे, जिल्हा मुख्यालय होते. आता तिथे मांडून ठेवलेले, पिशव्यांमध्ये लपवायचे त्यांचे कॅमेरे पाहताना माझी लांब पल्ल्याची लेन्स सारखी आठवत होती. आजोबांनी काय भोगले असेल, याबद्दल मी काहीच ठरवणार नाही. कदाचित त्यांना नुसतेच आवडले नसेल, आणि त्यांना नकार द्यायला तेवढे कारण पुरेसे आहे.

पण स्वाध्याय तर पूर्ण करायचा होता. मी संमतीपत्रे छापून घेतली आणि आधी विचारून चित्रण करू लागले. अकरा जणांना विचारले, तिघे हो म्हणाले. मात्र होकार दिला की माणूस बदलतो. पाठ ताठ होते, हातांना काय करावे ते सुचेनासे होते. शेवटी वर्गातल्या एका मित्राला बाकावर बसवून आजोबांची कृती करायला सांगितली. दहा वेळा चित्रित केली, एकदाही साधली नाही. त्याने बाक पुसला. आजोबा जागा पुसत होते.

आपल्या दादासाहेब फाळक्यांची मला त्या दिवशी फार आठवण झाली. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आल्यावर, भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. जेमतेम मिनिटभराचा चित्रपट. वाटाण्याची संमती घ्यावी लागत नाही, हे मी वर्गात सांगितले तेव्हा सगळे हसले, आणि परक्या देशात आपला माणूस सांगता आल्याचा अभिमानही वाटला. अखेर मी रिकामाच बाक चित्रित केला: ओला, मग उन्हात अर्धा वाळलेला, मग पुन्हा ओला. थांब्यावरचा मिनिटभराचा नुसता आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून त्याखाली जोडला. लघुपट बरा झाला आहे. बरा म्हणजे बराच. त्या ४२ सेकंदांची सर त्याला नाही.

गोष्ट इथे संपली असती, पण सत्राअखेरच्या जाहीर खेळासाठी, ज्यावर मला इथे प्रवेश मिळाला तो माझा घरी केलेला अडीच मिनिटांचा व्हिडिओही निवडला गेला. आमच्या जिन्याचा केर काढणाऱ्या मावशी काम आटोपून पायरीवर बसतात, पदराने मान टिपतात आणि वरच्या मजल्यावरून येणारे रेडिओवरचे गाणे संपेपर्यंत उठत नाहीत, एवढाच तो प्रसंग. दाराच्या फटीतून घेतलेला. कार्यालयाने त्याचेही संमतीपत्र मागितले, आणि पहिल्याच रकान्यात, पूर्ण नाव, माझी लेखणी अडली. बारा वर्षे त्या आमच्याकडे येतात आणि मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

आईला फोन केला. नाव तिने सांगितले; ते इथे लिहीत नाही, कारण तेही आधी विचारायला हवे. दुसऱ्या दिवशी तिने मावशींना व्हिडिओ दाखवला, कागद समजावून सांगितला आणि त्यांनी सही केली. आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही, हे माझे म्हणणे खरे ठरले, असे मी आईला लगेच ऐकवले. "नाही म्हणाल्या नाहीत," आई म्हणाली, "पण म्हणत होत्या, ताईंनी आधी सांगितलं असतं तर चांगलं पातळ नेसून आले असते."

त्या दृश्याचा सगळा रंगच त्या विटक्या पातळात आहे, पायरीच्या फरशीशी ते कसे मिळून जाते, नवे पातळ असते तर तो शॉट कसा फुकट गेला असता, हे मी आईला बराच वेळ पटवून देत राहिले. तिने मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. मग म्हणाली, "हे तू त्यांनाच सांग. त्या उद्या नऊला येतात."

तो उद्या होऊन आता पाच दिवस झाले.